फ्यूज बॅटरीपाशीच लावा, फ्रिजपाशी नाही

तुम्ही विचारलंय की गाडीत फ्रिज आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवताना साधा रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पुरेल की डीसी-डीसी चार्जर (गाडीचं व्होल्टेज बदलून दुसरी बॅटरी नीट चार्ज करणारा डबा) घ्यावा. त्याकडे येतो. पण जाता जाता तुम्ही लिहिलंय, "फ्यूज मागे फ्रिजजवळ लावतोय, बदलायला सोपा पडेल." ते वाचून राहवलं नाही.

माझ्या व्हॅनचं वायरिंग मी आणि भावजींनी मिळून केलं. त्यांचा सगळा जन्म घरांचं वायरिंग करण्यात गेलेला. मी म्हणालो, फ्यूज बॅटरीपाशी घेऊ. ते म्हणाले, "फ्यूज कशाला असतो? फ्रिज जळू नये म्हणून. मग तो फ्रिजपाशीच हवा." त्यांच्या अनुभवापुढे मी गप्प बसलो. बॅटरीच्या प्लसवरून सहा एमएमची (म्हणजे छेद सहा चौरस मिलिमीटर) वायर निघाली, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून आत आली आणि थेट मागे गेली. तिथे १५ अँपिअरचा फ्यूज. भोकाला रबरी ग्रोमेट (वायर कडेवर घासू नये म्हणून बसवायची कडी) नव्हतं, ते नंतर बसवू म्हणून राहिलं ते राहिलंच.

आठ महिने काही झालं नाही. मग एका रात्री गाडी चालवताना डॅशबोर्डखालून प्लास्टिक तापल्याचा उग्र वास आला. मागे मुलगी झोपली होती. गाडी बाजूला घेतली, आधी तिला उचलून लांब नेलं, मग बोनेट उघडलं. पत्र्याच्या कडेनं इन्सुलेशन घासून कापलं होतं, गाडी हादरली की उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं, आणि भोकापासून बॅटरीपर्यंत वायरवरचं लाल प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं. मायनसचा नट सोडवताना पाना दोनदा हातातून निसटला.

दुसऱ्या दिवशी भावजींनी मागचा फ्यूज उपसून मला दाखवला. आतली पट्टी शाबूत. "हा बघ. शॉर्ट असता तर उडाला नसता का?" नसताच उडाला! करंट बॅटरीतून निघून भोकापाशीच पत्र्यात उतरत होता, फ्यूजपर्यंत पोचतच नव्हता. फ्यूज वायरीला वाचवतो आणि तोही त्याच्या पुढच्याच वायरीला. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघड्यावर. घरात एमसीबी मीटरनंतर बोर्डात असतो, पंख्यापाशी नसतो, हे ज्यांनी शेकडो घरांत केलं त्यांना गाडीत का पटू नये? ते आजही म्हणतात की वायर हलकी होती. वायर अस्सल तांब्याची होती. तिचा जळका तुकडा माझ्याकडे आहे.

तेव्हा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात घ्या, आणि वायरीला झेपेल त्याहून मोठा घेऊ नका. फ्रिजपाशी छोटा फ्यूज हवा तर लावा, पण तो वेगळा, जादाचा.

आता तुमचा प्रश्न. जुनी गाडी असेल, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) कायम १४ व्होल्टच्या आसपास देत असेल आणि दोन्ही बॅटऱ्या लेड-अ‍ॅसिडच्या असतील, तर व्होल्टेज पाहून जोडणारा रिले पुरे. तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली आणतो, तिथे चार्जरच हवा. लिथियम बॅटरी असेल तरी चार्जरच, नाहीतर ती अल्टरनेटरमधून इतका करंट ओढते की तो तापून जातो.

वायरीत कंजुषी नको. २० अँपिअर अडीच एमएमच्या वायरीतून पाच मीटर नेऊन तेवढ्याच वायरीनं परत आणले, तर वाटेतच जवळजवळ १.४ व्होल्ट जातात. बारातले १.४ म्हणजे फ्रिज कुरकुरणार. दहा एमएम घेतलीत तर हाच तोटा पाव हिश्श्यावर येतो.

एक सांगायचं राहिलं. दुसरी बॅटरी म्हणजे करंटचा दुसरा उगम, म्हणून दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. एकाच टोकाला लावलात तर दुसऱ्या बॅटरीची बाजू उघडीच राहते. स्टार्टरच्या जाड वायरीला फ्यूज नसतो हा भावजींचा आवडता दाखला आहे, पण ती वायर वेगळ्या कामाची, कंपनीनं जागच्या जागी नीट बांधलेली. आपण स्वतः ओढलेल्या वायरीला तो लागू होत नाही. इन्व्हर्टरही लावायचा असेल तर हे सगळं अपुरं आहे, कारण १००० वॉटला बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास निघतात.

गाडी किती जुनी आणि दुसरी बॅटरी कुठली, ते लिहा. वायर किती जाड घ्यायची ते हिशेब करून सांगतो.