फर्स्टचा पास काढला, जागा कुठाय?

प्रश्न : डोंबिवली ते दादर फर्स्ट क्लासचा पास काढलाय. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बसायचं सोडा, दोन्ही पाय टेकायला मिळाले तरी नशीब. मग हे पैसे कशाचे?

उत्तर : वर्गाचे. लोकलमध्ये आरक्षण नाही, त्यामुळे पास कुठलाही असो, त्यात सीट धरलेली नसते. तुम्ही पैसे देता ते गादीच्या बाकासाठी आणि त्या डब्यात कमी लोकांना मुभा आहे म्हणून. आता ‘कमी लोक’ हेही गर्दीच्या वेळी फारसं खरं उरत नाही. मुंबईच्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’ : एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. फर्स्टचा भाग बहुतेक ठिकाणी अख्खा डबा नसून डब्याचा तुकडा असतो, पलीकडे जाळी किंवा पत्रा. जागा लहान आणि दारं मोजकी, म्हणून सेकंडपेक्षा कमी माणसं असूनही दारात कोंडी तेवढीच होते. कित्येकदा आत पॅसेजमध्ये वीतभर जागा मोकळी असते आणि दारात माणूस लोंबकळत असतो, कारण पुढे उतरणारे दार सोडायला तयार नसतात.

तुमच्यासाठी पहिला उपाय म्हणजे डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकडणं. कल्याणच्या पुढून येणारी फास्ट डोंबिवलीत भरूनच येते. मात्र डोंबिवलीहून सुटणारी गाडीही पूर्ण रिकामी मिळेल असं समजू नका. ती आधी डाऊन, म्हणजे मुंबईकडून, येते आणि अलीकडच्या स्टेशनांवरून त्यात बसलेले काहीजण उतरतच नाहीत.

प्रश्न : तसंच मीही करतो. डोंबिवलीहून कल्याणला उलटा जातो आणि तीच गाडी परत निघते तेव्हा खिडकी मिळते. पास डोंबिवली–दादर आहे. चालतं ना?

उत्तर : नाही. तुमचा पास डोंबिवलीला संपतो. डोंबिवली ते कल्याण हा तुकडा विनातिकीट, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. टीसीला ही युक्ती नवीन नाही. कल्याण–दादर पास काढा. तो मधल्या कुठल्याही स्टेशनावर चढायला चालतो. भाडं किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरतं, त्यामुळे एक-दोन स्टेशनं पुढे गेल्यावर कधी थोडाच फरक पडतो, कधी पडतच नाही. तिकीट खिडकीवर आधी दोन्ही रकमा विचारा. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट पडतो, तेव्हा रोजचा प्रवास असेल तर तोच परवडतो.

एक मात्र करू नका : गाडी फलाटाला लागत असताना, थांबायच्या आत उडी मारून आत शिरणं. खिडकीसाठी लोक हेच करतात आणि पाय फलाट-गाडीच्या फटीत जातो.

प्रश्न : पास सेकंडचा. रेट्यात फर्स्टमध्ये ढकललो गेलो आणि पुढच्याच स्टेशनावर टीसीने पकडलं. गर्दी होती हे कारण चालत नाही का?

उत्तर : नाही चालत. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १३८ नुसार दोन वर्गांच्या भाड्यातला फरक आणि त्यावर जादा आकार द्यावा लागतो. हा आकार किमान २५० रुपये. लोकलच्या अंतरांत फरकाची रक्कम छोटी असते, त्यामुळे व्यवहारात २५० आणि वर फरक, असा हिशेब होतो. तुम्ही कुठून चढलात हे सिद्ध होत नसेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावता येतं. पैसे देताना पावती मागा, तीच पुढच्या तपासणीत दाखवा. नकार दिलात तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ शकतं. हुज्जत घालून रक्कम कमी होत नाही, वेळ मात्र जातो.

कधीतरीच फर्स्टने जायचं असेल तर आधी त्या फेरीचं फर्स्टचं तिकीट काढा. मे २०२२ मध्ये साध्या लोकलच्या फर्स्टचं एकेरी भाडं निम्मं झालं, किमान भाडं ५० वरून २५ वर आलं. पासाचे दर मात्र त्या वेळी तसेच राहिले.

प्रश्न : फर्स्टचा डबा नेमका कुठे येतो? दरवेळी धावावं लागतं.

उत्तर : फलाटाच्या खांबांवर तिरपे लाल-पिवळे पट्टे शोधा. डब्यावरही तसेच पट्टे असतात. इंडिकेटरवर गाडी १२ डब्यांची की १५ ची हेही बघा, कारण जागा त्यावर सरकते. साध्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. चुकून सेकंडमध्ये चढलात तर पुढच्या स्टेशनावर उतरून पळणं एवढाच मार्ग.

उतरण्याची तयारीही आधीच हवी. दादरला उतरायचंय तर घाटकोपर सुटलं की पुढच्याच्या खांद्यावर हलकं टेकून ‘दादर?’ विचारा. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे राहा. नकारार्थी मान हलवली तर ‘मला उतरायचंय, जरा आलटून घ्या’ म्हणून जागा बदला. फलाट कुठल्या बाजूला येतो तेही तेव्हाच विचारून घ्या. कुर्ला गेल्यावर हलायला जागा राहत नाही.

प्रश्न : एक ग्रुप रोज रुमाल-बॅगा टाकून बाक धरतो. हा हक्क कुणी दिला?

उत्तर : कुणीच नाही. रुमालाला तिकीट नसतं. तुमचा वैध प्रवेश अडवणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १५५ खाली गुन्हा आहे. आत येऊ देत नसतील किंवा धमकावत असतील तर १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर गाडी आणि डब्याचा तपशील द्या. चौथ्या सीटचा प्रश्न वेगळा. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकणं हा रिवाज आहे, नियम नाही. मागायला हरकत नाही, भांडायला आधार नाही.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन लेडीज फर्स्टमध्ये जाता येईल?

उत्तर : नाही. बारा वर्षांखालच्या मुलालाच परवानगी आहे.

प्रश्न : फर्स्टच्या पासावर एसी लोकल चालते का? आणि पास मोबाइलमध्ये असेल तर स्क्रीनशॉट पुरे का?

उत्तर : दोन्ही नाही. एसी लोकलचं भाडं वेगळं आहे. मोबाइलवरचा पास ॲपमध्ये उघडूनच दाखवावा लागतो, आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. संध्याकाळपर्यंत ज्यांची बॅटरी टिकत नाही त्यांनी छापील पासच ठेवावा, आणि त्यासोबत ओळखपत्रही.