स्टुटगार्टला येताना कार सीट आणावी का?

बाळ आठ महिन्यांचं, मुलगी पाच वर्षांची, नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी, आणि पिंपरीत घेतलेली कार सीट सोबत आणावी का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, विमा, घरनोंदणी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलंय, म्हणून ते सोडते. सीटबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

सीटच्या पाठीला किंवा बुडाशी नारिंगी लेबल शोधा. त्यावर गोलात 'ई' हे अक्षर आणि आर 44 किंवा आर 129 (मुलांच्या सीटची युरोपातली जुनी आणि नवी सुरक्षा मानकं) असं असेल तर ती इथे चालते. आर 44 असेल तर मंजुरी क्रमांक 03 किंवा 04 ने सुरू झालेला हवा. आर 44 या जुन्या मानकाच्या सीटची विक्री सप्टेंबर 2024 पासून बंद आहे, वापर नाही. नुसता भारतीय मानकाचा शिक्का असेल तर तिथेच कुणाला तरी देऊन या. आणायचीच असेल तर मूळ खोक्यात घालून आणा, विमानतळावर सामान कसं आपटतात ते आपण जाणतोच. इथे जुनी घ्यायची झाली तर अगदी ओळखीतली घ्या. अपघात होऊन गेलेली सीट वरून धडधाकट दिसते.

आर 129 प्रमाणे बाळ किमान 15 महिन्यांचं होईपर्यंत पाठमोरंच, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून, बसवायचं. मी तर म्हणेन, मावतंय तोवर तसंच बसवा. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत बसवतात, आणि तिथे ही कल्पना 1964 पासूनची आहे. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, त्यावरून तिथल्या एका प्राध्यापकाला ती सुचली. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली की पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ यांना एकदमच आधार मिळतो. पुढच्या सीटवर पाठमोरं बसवलंत तर तिथली एअरबॅग बंद केलेली असलीच पाहिजे. हिवाळ्यात जाड जॅकेट काढून पट्टे आवळा आणि वरून पांघरूण घाला. जॅकेटवरून घट्ट वाटलेला पट्टा धडकेच्या वेळी सैल पडतो.

हे सगळं मला पाठ होतं, तरी बाळंतपणाला आलेल्या आईला सांगता आलं नाही. "एवढंसं पोर, मागे एकटं, तेही तोंड फिरवून? दे इकडे मांडीवर." ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत आठ किलोंचं बाळ हातांना दोनशे किलोंहून जड होतं, हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आई, 60 युरो दंड होतो, वर लायसन्सवर पॉइंट चढतो." ती लगेच गप्प झाली. मला लहानपणी सांगलीहून पुण्याला एसटीने मांडीवर घेऊन येणाऱ्या बाईला मी पोलिसाचं भय घातलं, ते मला अजून आवडत नाही.

सांगलीला सुट्टीत गेलो तेव्हा मामाच्या गाडीत सीट बसवायला घेतली, तर सगळे हसले. परदेशातून शहाणी आलीये! आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाला पट्टा किंवा सीट न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, पण ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. आणि इकडे? माझ्या थोरलीला बेरीज-वजाबाकी सगळी येत होती, पण जर्मन कच्चं म्हणून शाळेने तिला पहिलीला घेतलं नाही, एक वर्ष थांबवलं. तिचं पुढे छान झालं. माझा राग गेलेला नाही. तुमची पाच वर्षांची आहे, तेव्हा आल्या आल्या किंडरगार्टनच्या रांगेत नाव घाला.

लायसन्सचंही सांगते. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. मग डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा. पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षं गाडी हाकलेल्या माणसाला शेजारी बसलेला पोरगेला प्रशिक्षक खांद्यावरून मागे वळून बघायला शिकवतो, तेव्हा जीव जातो. गाडीची घाई करू नका. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बाबागाडी सरळ आत जाते, सिटी बसलाही सीट लागत नाही. टॅक्सी मात्र सांगून ठेवा, मुलांची सीट हवी म्हणून.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला जा.

मुलीची सीट इथेच घ्या. उंची 150 सेंटिमीटर किंवा वय 12, जे आधी होईल तोवर ती लागणारच. नुसती उशी नको, पाठ असलेली बघा. दुकानात मुलीलाही न्या आणि गाडीही न्या. चांगल्या दुकानात तुमच्याच गाडीत बसवून बघू देतात आणि पट्टा मानेवर न येता खांद्यावरून जातोय का, तेही दाखवतात.