विद्यापीठाचा क्रीडानिधी अपुरा असेल, तर तो कोणत्या खेळांना द्यावा?

माझ्या मते सोलापूरच्या विद्यापीठाने पहिला वाटा खो-खो, कुस्ती आणि धावण्याच्या स्पर्धांना द्यावा. हे विद्यापीठ 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. त्यामुळे माळशिरस, मंगळवेढा, करमाळा अशा तालुक्यांतील महाविद्यालयांत मुले-मुली शाळेपासून जे खेळ खेळत आली आहेत, त्यांचाच विचार आधी व्हायला हवा.

खो-खोला दोन खांब आणि सपाट मैदान पुरते, हे खरे. परंतु जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा, जिच्यात भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ विजयी झाले, ती मॅटवर खेळली गेली, आणि मातीत सराव केलेल्या मुलीचा पाय मॅटवर वळताना वेगळाच पडतो. कुस्तीतही लाल मातीतून मॅटवर येताना हीच अडचण येते. म्हणून पैसा मॅट, प्रशिक्षक, खुराक आणि प्रवासभत्ता यांवर खर्च व्हावा. गणवेश व उद्घाटन समारंभ मागे राहिले तरी चालतील. क्रिकेटला इतर आश्रयदाते मिळतात, त्याला किमान तरतूद पुरे. मुलींच्या संघांचा निधी मात्र कोणत्याही परिस्थितीत कापू नये, कारण गावाकडच्या अनेक मुलींना महाविद्यालय सुटले की मैदानही सुटते.