कोविडचे मृत्यू खरोखर फुगवून दाखवले गेले का?

आपला प्रश्न असा आहे की, कोविडमुळे दगावलेल्या बहुतेकांना आधीपासून इतर आजार होते, तर मृत्यूंचे आकडे फुगवलेले मानायचे का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. जगाचा एकत्रित हिशेब पाहिला तर नोंद कमीच झाली.

या शंकेला बळ मिळाले ते ऑगस्ट 2020 मध्ये. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यात केवळ 6 टक्के मृत्यूंच्या दाखल्यांवर कोविड हे एकमेव कारण होते आणि उरलेले 94 टक्के लोक कोविडने गेलेच नाहीत, असा अर्थ अनेकांनी काढला. हा दाखला कसा भरतात हे पाहिले की तो अर्थ टिकत नाही. पहिल्या भागात डॉक्टर कारणांची साखळी उलट क्रमाने लिहितात: वर श्वसनक्रिया निकामी होणे, त्याखाली न्यूमोनिया आणि सर्वांत खाली, ज्यापासून हे सारे सुरू झाले तो मूळ आजार, म्हणजे कोविड. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे हातभार लावणारे आजार दुसऱ्या भागात जातात. ज्या न्यूमोनियाला लोक 'दुसरे कारण' म्हणत होते, तो अनेकदा कोविडनेच झालेला होता. मधुमेह असूनही माणूस वर्षानुवर्षे जगतो. 'ते तसेही गेलेच असते' हे बोलणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

व्याख्या बदलली की आकडा बदलतो, हे मात्र खरे. इंग्लंडमध्ये चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतर केव्हाही झालेला मृत्यू मोजला जात असे. ऑगस्ट 2020 मध्ये 28 दिवसांची मर्यादा आली आणि एकूण संख्या 5,000 हून अधिकने उतरली. पेरूने 2021 मध्ये निकष व्यापक केले, तेव्हा सुमारे 69,000 चा आकडा 1,80,000 च्या वर गेला.

म्हणूनच मी अतिरिक्त मृत्यूंवर अधिक विसंबतो, म्हणजे सर्व कारणांनी मिळून झालेल्या मृत्यूंमधून साथ नसती तर अपेक्षित असलेले मृत्यू वजा करून येणारी संख्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये 2020 आणि 2021 या दोन वर्षांसाठी ती सुमारे 1.49 कोटी सांगितली. नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे 54 लाख होते. अतिरिक्त मृत्यूंत उपचार न मिळालेले इतर रुग्णही येतात. शिवाय 'अपेक्षित' मृत्यू कसे ठरवायचे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. जर्मनीचा अंदाज याच कारणाने नंतर बराच खाली आणावा लागला. तरीही संघटनेने दिलेली सर्वांत खालची मर्यादा, 1.33 कोटी, धरली तरी ती नोंदलेल्या मृत्यूंच्या दुपटीहून अधिक भरते.