बुद्धिबळातला चेक, बँकेचा चेक आणि चेक्सचा शर्ट: हे शब्द एकाच मुळाचे आहेत का?

हो, तिन्ही एकाच मुळाचे. चेक प्रजासत्ताकाचं नावही ऐकायला तसंच, पण ते या घराण्यातलं नाही. त्याबद्दल शेवटी सांगतो.

तिघांचं मूळ आहे फारसी 'शाह', म्हणजे राजा. इतकं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण राजावरून थेट बँकेच्या कागदावर उडी मारली की मधली सगळी गंमत हातून निसटते. युरोपात हा शब्द दोन वेगळ्या वाटांनी गेला. एक वाट खेळणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाची, दुसरी चौकटींच्या पटाची. बँकेच्या चेकमध्ये या दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या, आणि मला यातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

आधी 'शाह'कडे पाहू. इराणमधल्या बेहिस्तून इथे इ.स.पू. 520 च्या सुमाराचा पहिल्या दारियसचा शिलालेख आहे. त्यात तो स्वतःला 'क्षायथिय क्षायथियानाम्' म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. याच 'क्षायथिय'चा झिजत झिजत 'शाह' झाला. उच्चारावरूनच लक्षात येईल की संस्कृत 'क्षत्र' हा त्याचा भाऊबंद. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपान या राजाला 'क्षत्रप' म्हटलं आहे, तो शब्दही इराणीच, त्याच धातूचा: राज्य राखणारा.

चतुरंग भारतातून इराणात गेला तेव्हा 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज'. अरबांनी तो स्पेनमध्ये नेला, म्हणून स्पॅनिशमध्ये खेळाचं नाव 'आहेद्रेथ' आणि पोर्तुगीजमध्ये 'शाद्रेश', दोन्ही शतरंजवरून. बाकी युरोपात मात्र खेळाला नाव पडलं ते राजाचं. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की 'शाह!' म्हणून सावध करायची रीत होती, आणि खेळ न कळणाऱ्याच्याही कानावर पडणारा शब्द तोच. लॅटिनमध्ये तो 'स्काकुस' झाला, शेवटच्या 'ह'चा 'क' होऊन. स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्नच्या मठात इ.स. 1000 च्या आसपासची एक लॅटिन कविता जपलेली आहे, त्यात हा खेळ 'स्काकी' या अनेकवचनी नावाने येतो. पुढे इटालियनमध्ये 'स्काक्की', जर्मनमध्ये 'शाख', हंगेरियनमध्ये 'शाक'. जुन्या फ्रेंचमधल्या एकवचनावरून इंग्रजीचा 'चेक' आला आणि त्याच शब्दाच्या अनेकवचनावरून 'चेस'. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर 'चेस'चा अर्थ 'पुष्कळ राजे'.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'चेकमेट' म्हणजे 'राजा मेला', असं सर्रास लिहिलं जातं. अरबीत 'मात' म्हणजे मेला, हे खरं. पण 'शाह मात' ही फारसी रचना आहे आणि फारसीत 'मात' म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. खेळाचा नियमही हेच सांगतो: राजा कधी मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही इतकंच. आपण 'आजारावर मात केली' म्हणतो त्यातही मारण्याचा अर्थ नाही, समोरच्याला निष्प्रभ करण्याचा आहे. जर्मनमध्ये 'मात्त' म्हणजे थकलेला, गळून गेलेला. हा शब्दही पटावरूनच उतरला.

आता पहिली वाट. शह बसला की तुमचा बेत थांबतो, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून 'चेक'ला थांबवणे, आवरणे, लगाम घालणे असे अर्थ चिकटले. जर्मन माणूस एखाद्याला 'शाखमध्ये धरून ठेवतो', म्हणजे डोकं वर काढू देत नाही. फ्रेंचमध्ये 'एशेक'चा अर्थ सरळ अपयश असाच झाला. शाळेत मागे पडण्याला तिथे 'एशेक स्कोलेर' म्हणतात. इंग्रजीत लगाम घालण्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस 'पडताळून पाहणे' हा अर्थ आला, कारण पडताळणी करायची ती लबाडी थांबवण्यासाठीच.

दुसरी वाट पटाची. 'स्काकी' ज्यावर मांडतात तो पट लॅटिनमध्ये 'स्काकारियुम', जुन्या फ्रेंचमध्ये 'एश्चेकिए'. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसुलीचा हिशेब एका मोठ्या मेजावर होत असे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीच्या कामकाजावर एक ग्रंथ लिहिला, त्यात मेजाचं मापच दिलं आहे: सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच पट्टी. वर काळं कापड आणि त्यावर आखलेल्या रेघा. पेनी, शिलिंग, पौंड यांचे रकाने वेगळे, आणि त्यांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी. रोमन आकड्यांत कागदावर हिशेब करणं महाकठीण, म्हणून हा उपाय. परगण्यांचे शेरीफ, म्हणजे वसुली करणारे राजाचे अधिकारी, वर्षातून दोनदा तिथे हजर होत. या कचेरीला पटाचं नाव का, हे फिट्झनील स्वतःच समजावतो: एक तर मेज पटासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे तिथेही दोघांची लढाई चालते, शेरीफ आणि खजिनदार यांची. ज्याने नावाचं कारण लिहून ठेवलं तो माणूस त्याच कचेरीत बसत होता. शब्दांच्या इतिहासात इतका जवळचा साक्षीदार फार क्वचित सापडतो. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात, ते याच मेजावरून.

चौकटींच्या कापडाला 'चेक्स' हे नावही पटावरूनच. इटालियन लोक तर तुमच्या शर्टाला 'कामिचा आ स्काक्की' म्हणजे अक्षरशः बुद्धिबळाचा शर्ट म्हणतात. तुरुंगात जाण्याला त्यांच्याकडे 'चौकटीचौकटींचा सूर्य पाहणे' असा वाक्प्रचार आहे, गजांतून दिसतो तसा.

आणि आता दोन वाटांचा संगम. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पैशाच्या कागदाची स्थळप्रत जपून ठेवत, म्हणजे खोटा कागद आला तर ताडून पाहता येई. या स्थळप्रतीला 'चेक' म्हणत, पडताळणीच्या अर्थाने. म्हणजे ही पहिली वाट. हळूहळू नाव स्थळप्रतीवरून मुख्य कागदाला मिळालं. मग इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग 'एक्स्चेकर'च्या वळणावर नेलं, शेवटचे 'सी-के' काढून 'क्यू-यू-ई' लावले. ही दुसरी वाट. अमेरिकनांनी जुनं 'के'चंच ठेवलं. आपल्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात ब्रिटिश रूप आहे, म्हणून आपल्या चेकबुकावरही तेच.

नंतर हा कागद इंग्रजीतून पुन्हा युरोपात पसरला. फ्रान्सने 1865 मध्ये 'शेक'साठी कायदा केला, तेव्हा फ्रेंचमध्ये 'एशेक', पटासाठी 'एशिकिए' आणि हा 'शेक' असे तीन भाऊ झाले. स्पॅनिशमध्ये शहाला 'हाके' म्हणतात, बँकेत 'चेके' देतात आणि डॉक्टरकडे 'चेकेओ' करून घेतात. पहिला शब्द अरबांकडून आलेला, बाकीचे दोन कित्येक शतकांनी इंग्रजांकडून.

मराठीतही अगदी असंच झालं आहे. 'शह', 'काटशह' आपल्याकडे फारसीतून आले आणि 'चेक', 'चेकनाका' इंग्रजीतून. शिवाय निजामशाही, आदिलशाही यांच्यातला 'शाही' हाही शाहचाच. मग त्याचा प्रत्यय बनला आणि 'लोकशाही'लाही लागला.

राहिला चेक प्रजासत्ताकाचा प्रश्न. तो शब्द स्लाव लोकांचा. दंतकथेप्रमाणे 'चेख' नावाचा त्यांचा मूळ पुरुष आपली माणसं घेऊन रझिप नावाच्या डोंगरापाशी आला आणि तिथे वसला, त्याच्यावरून लोकांचं नाव पडलं. इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग पोलिश पद्धतीचं घेतलं. शाहशी किंवा पटाशी त्याचा काही संबंध नाही. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.