स्टुडिओला नेमकं काय विचारायचं?

‘मॅडम, कोर्स तर संपला. आता स्टुडिओला कुठल्या तोंडानं लिहू?’ म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या मुलामुलींनी विचारलाय, की काखेतला लॅपटॉप आणि खाली गेलेली मान पाहूनच आता तो मला ऐकू येतो. ॲनिमेशनचा कोर्स पुण्यामुंबईला झालेला, फी घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेली, आणि पोर गोव्यात परतून महिनोन्‌महिने घरात. आईवडिलांना तो आळस वाटतो. मला तरी यातलं एकही मूल आळशी दिसलेलं नाही.

डिचोलीच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला साईश म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या दिवशी आई सोबत होती. ‘दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, पण अर्ज म्हणून करत नाही,’ ती म्हणाली. साईश पुटपुटला, ‘रील अजून तयार नाही.’ रील म्हणजे आपल्या निवडक कामाची छोटी फिल्म. सात महिने तो ती तयारच करत होता. त्या काळात चार स्टुडिओंना मेल गेले, उत्तर एकाचंही नाही. ‘म्हणजे माझ्यात काही नाहीच,’ हा निकाल त्यानं स्वतःच लावून टाकला होता.

माणूस प्रसंगानं खचत नाही, प्रसंगाला लावलेल्या अर्थानं खचतो, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची मांडणी. माझं सगळं काम त्याच पायावर उभं आहे. म्हणून विचारलं, ‘उत्तर न येण्याचे आणखी काय अर्थ निघतील?’ त्यानं धडाधड सांगितले: मेल उघडलाच नसेल, जागा नसेल, हातातला प्रोजेक्ट संपत आला असेल. डोक्याला पटत होतं, पण पाचवा मेल काही जात नव्हता. असे दोन-तीन आठवडे गेले.

मग म्हटलं, तो मेल मला वाचून दाखव.

‘मला लहानपणापासून ॲनिमेशनची प्रचंड आवड आहे. कुठलंही काम चालेल. कृपया माझं काम पाहून मी या क्षेत्राला योग्य आहे की नाही, ते सांगावं.’ सोबत चार मिनिटांची रील. सुरुवातीला गरगर फिरत येणारं स्वतःचं नाव, मग उड्या मारणारा चेंडू, एक गाडी, एक चालणारा माणूस, शेवटी डोंगराचं पार्श्वचित्र.

ते शेवटचं वाक्य मला टोचत राहिलं. साईशच्या आजोबांची चित्रशाळा आहे, हे आधी बोलण्यात आलं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात. चवथीच्या आधी लोक घरचा पाट तिथं नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते.

‘नवा पोरगा कामाला आला की आजोबा त्याला काय देतात?’

‘माती मळायला. खडे वेचायचे, मळायची, मळतच राहायचं.’

‘मग?’

‘साच्यात भरायला. पुढं हातपाय साफ करायला. रंग खूप नंतर.’

‘आणि डोळे?’

तो हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ‘डोळे फक्त आजोबा. बाबांनाही परवापरवापर्यंत देत नव्हते.’

‘समजा, एखादा पोरगा दारात येऊन म्हणाला, आजोबा, मी मूर्तिकार होईन की नाही, ते आधी सांगा?’

‘आजोबा काय सांगणार? ते म्हणतील, बस, बोटं करून दाखव. बोटं जमली तर त्या वर्षापुरता ठेवतील.’

मी गप्प बसले. तोही. खाली बाजारातून शुक्रवारचा गलका वर येत होता. बऱ्याच वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं तो म्हणाला, ‘माझ्या रीलमध्ये बोटं कुठं आहेत?’

वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले, आणि हा त्यातला एक, हे मी अभिमानानं सांगते. तोवर मीही त्याच्या नकाराच्या भीतीवरच काम करत होते. भीती होतीच, पण ती एका चुकीच्या प्रश्नातून उगवत होती. अनोळखी माणसाला तो आपल्या आयुष्याचा निवाडा मागत होता. एवढा मोठा प्रश्न पाठवायला हात धजावेल कसा? स्टुडिओला पडलेला प्रश्न त्यामानानं फार लहान असतो: समोर आलेल्या कामात हा हात उपयोगी पडेल का? तेवढाच प्रश्न आपण विचारला, तर ‘नाही’ हे उत्तरही तेवढंच लहान राहतं.

त्यानंतरचं काम भराभर झालं. जे साईशला सांगितलं, तेच इतरांनाही सांगते. ‘कुठलंही काम चालेल’ लिहू नका. टूडीत क्लीन-अप (कच्च्या चित्राच्या रेषा साफ करणं) किंवा इन-बिट्वीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणं), व्हीएफएक्सकडे, म्हणजे चित्रित दृश्यांवरच्या कॉम्प्युटरच्या कामात, रोटो (माणूस किंवा वस्तू कडेनं वेगळी करणं) किंवा पेंट (नको ते पुसणं), थ्रीडीत मॉडेलिंग (आकार घडवणं), रिगिंग (हलण्यासाठी सांगाडा बसवणं), ॲनिमेशन (हालचाल देणं), यातलं एक निवडा आणि रीलही त्याच कामाची करा. एक मिनिट पुरे. सगळ्यात चांगला शॉट सर्वांत आधी, कारण पाहणारा पहिल्या काही सेकंदांत मन बनवतो. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चौकटी. मोजके सेकंद मन लावून केले तरी हात दिसतो. गटानं केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, ते स्पष्ट लिहा. दुसऱ्याचा शॉट आपला म्हणून घालू नका, हे क्षेत्र लहान आहे. लिंक पासवर्डशिवाय उघडते का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासा. त्या स्टुडिओचं एखादं काम खरोखर पाहून त्याविषयी दोन ओळी लिहा. स्टुडिओनं चाचणी म्हणून काम दिलं, तर ते वेळेत पाठवा. पण चाचणीच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे फुकट काम मागितलं, तर थांबा आणि विचारा. नोकरीसाठी कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं, तर त्या दारात पाऊलही ठेवू नका. आणि आईवडिलांनो, ‘काही आलं का?’ हे आठवड्यातून एकदाच विचारा. रोज विचारलं की मूल पत्रं पाठवणं बंद करतं आणि तुम्हाला सांगतही नाही.

साईशनं क्लीन-अप निवडलं. रील पन्नास सेकंदांची झाली. मातीचा गोळा मळणारे दोन हात, रेषेनं काढलेले. मी चित्रकलेतली जाणकार नव्हे, पण ते हात कुणाचे, हे मला विचारावं लागलं नाही.

नऊ मेल गेले. एक उत्तर आलं: ‘सध्या जागा नाही, नवीन शॉट झाला की पाठव.’ फोन माझ्यासमोर धरून त्यानं ते दोनदा वाचलं. ‘यात माझ्याबद्दल काही नाहीच,’ म्हणाला. मग वही काढून पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.

त्या तारखेला नवीन शॉट गेला, मग चाचणी आली, आणि पुण्यात सहा महिन्यांच्या करारावर क्लीन-अपचं काम मिळालं. पगारात खोलीचं भाडं आणि जेवण जेमतेम भागतं. जुलैत तो थिवीहून गाडीत बसला. जायच्या आधीचे दोन दिवस मात्र चित्रशाळेत होता. एक कामगार आला नव्हता, आणि आजोबांना माती मळायला माणूस हवा होता.