दाव्यातील पाल्हाळ कसे टाळावे?

प्रश्न : मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात नुकतीच वकिली सुरू केली आहे. मी मराठीतून तयार केलेले दावे व कैफियती (दाव्याला प्रतिवादीने द्यायची लेखी उत्तरे) आमचे ज्येष्ठ वकील ‘पाल्हाळ फार’ असा शेरा मारून परत करतात. काय गाळावे, हे मात्र सांगत नाहीत. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, कळवा

उत्तर : शेवटी येणारे विनंतीचे कलम आधी लिहून घ्यावे. न्यायालयाकडून कोणता हुकूम हवा आहे हे एकदा ठरले की, जी वस्तुस्थिती गाळल्यास तो हुकूम मिळणार नाही, तेवढीच दाव्यात ठेवावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 2 मध्ये हेच अपेक्षित आहे : महत्त्वाची वस्तुस्थिती संक्षेपाने मांडावी, ती शाबीत करणारा पुरावा तेथे सांगू नये, परिच्छेदांना अनुक्रमांक द्यावेत आणि तारखा व रकमा अंकी तसेच अक्षरी लिहाव्यात.

हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा घेऊ. “प्रतिवादी हा लबाड इसम असून त्याने वादीच्या भोळ्या स्वभावाचा गैरफायदा घेऊन वेळोवेळी रकमा उकळल्या” या वाक्यात अशिलाचा संताप पुरेपूर उतरला आहे. तारीख, रक्कम आणि परतफेडीची बोली मात्र कोठेच सापडत नाही. रक्कम कधी व किती दिली, ती केव्हा परत करण्याचे ठरले आणि त्यापैकी किती येणे बाकी आहे, एवढे क्रमाने लिहिले की परिच्छेद पुरा झाला. दावा मुदतीत आहे की नाही, हेही याच तारखांवरून पाहिले जाते. बँकेचा खातेउतारा कागदांच्या यादीसोबत हजर करावा. त्यातील नोंदी दाव्यात उतरवून काढू नयेत.

कैफियतीत मात्र आटोपशीरपणा अंगलट येऊ शकतो. “सदर मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही” हे वाक्य सरसकट चिकटवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. आदेश 8 नुसार नकार मोघम चालत नाही, आणि जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. “दोन लाख रुपये मिळाले नाहीत” एवढेच लिहिले, तर दीड लाख मिळाले होते काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून ती रक्कम वा तिचा कोणताही भाग मिळालेला नाही असे, अन्यथा किती मिळाली ते, लिहावे लागते.

सरावासाठी निकाली निघालेल्या एखाद्या प्रकरणातील दावा आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचावे. मुद्दे आणि त्यांवरील कारणमीमांसा पाहिली की, दाव्यातील कोणते परिच्छेद न्यायालयाच्या कामी आले, हे ध्यानात येते. कामी न आलेल्यांपैकी अधिकारक्षेत्र व मूल्यांकनाचे परिच्छेद मात्र खोडू नयेत; आदेश 7 नुसार ते लागतातच.